नावेतली नळी आणि तिचे माप
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शहपुरा, जिल्हा जबलपूर, येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कोणी संतवाङ्मयावर बोलतात, कोणी नाट्यसंगीतावर. आमच्याकडे चिटणीस विषय विचारावयास आले तेव्हा आम्ही "नावेतल्या नळ्या आणि त्यांचे जोड" असे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, क्षणभर थांबले, आणि "विनोदी भाषण आहे का?" असे विचारले. विनोदी नाही. या विषयापायी आमची एक नाव बुडाली आहे, आणि त्या नावेत एक मुलगा झोपलेला होता. तेव्हा थोडी माहिती आणि थोडी कबुली, अशा स्वरूपाचे हे बोलणे आहे.

आमचे घर शहपुऱ्यात. स्टेशनाचे नाव मात्र भिटोनी. त्यामुळे मुंबईकडून प्रथमच येणारा पाहुणा शहपुरा शोधीत पुढे भेडाघाटपर्यंत जातो, हा आपल्या सर्वांचाच अनुभव असेल. नर्मदा येथून दक्षिणेस काही मैलांवर. आमच्या वाट्याची थोडी जमीन पलीकडच्या तीरावर आहे. हा मुलूख मटाराचा. शेंग तोडली की पोते त्याच दिवशी बाजाराच्या वाटेला लागावे लागते. एक रात्र थांबले तरी भाव उतरतो. पुलावरून जावयाचे तर फेरा मोठा, म्हणून आम्ही आणि घाटावरचे एक केवट कुटुंब यांनी मिळून एक जुनी फायबरची नाव घेतली. बावीस फूट लांब, मध्ये पाण्याने थंड होणारे एक लहान डिझेल इंजिन. नाव त्यांनी चालवावी, यंत्राचे आम्ही पाहावे, असा करार.

यंत्राचे आम्ही पाहावे, हे आम्हीच सुचविले होते. जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, १९६९ साली वाहनांचा. आपल्यापैकी कित्येक घरे त्या भोंग्यांवर उठलीबसली. आमचीही हयात अशाच एका कारखान्यात, मिलिमीटरचे शंभर भाग करून मोजण्यात गेली. अशा माणसाला चार नळ्या आणि सहा जोड बसविण्यात काय अवघड वाटावे? नेमके तेथेच आम्ही फसलो. कारखान्यात आम्ही मोजून घेत होतो. बाजारात गेल्यावर आम्ही नावाने मागितले.

"एक इंची नळी द्या," असे आम्ही म्हणालो आणि दुकानदाराने एक इंची नळी दिली. त्यात त्याचा दोष कोणता? परंतु नळाच्या धंद्यात "एक इंच" हे माप नसून नाव आहे, आणि एकाच नावाची चार भावंडे निरनिराळ्या अंगाची असतात. आपल्या घरात येणारा अर्धा इंची लोखंडी नळ घ्या. त्यावर कॅलिपर लावला तर बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहून मोठा. आतून साधारण १६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून बराच जास्त. अर्धा इंच कोठेच सापडत नाही. याची हकीकत अशी सांगतात की पूर्वी लोखंडी नळाची भिंत जाड असे आणि आतले भोक खरोखरच नावाइतके असे. पुढे लोखंड सुधारले, भिंत पातळ झाली. परंतु बाहेरचे अंग बदलले असते तर जुने सारे आटे आणि जोड निकामी झाले असते, म्हणून बाहेरचे तसेच ठेवून आतले भोक मोठे केले. नाव जुनेच राहिले.

आता त्याच अर्ध्या इंचाच्या नावाचा, गरम पाण्यासाठी वापरतात तो पिवळसर प्लॅस्टिकचा नळ घ्या. त्याचे बाहेरचे अंग १५.९ मिलिमीटर. लोखंडी अर्धा इंच आणि हा अर्धा इंच यांत पाच मिलिमीटरांहून अधिक फरक! शेतावरचे प्लॅस्टिकचे पाइप आपण ६३, ७५, ९० असे मिलिमीटरांत मागतो. ते माप बाहेरचे, आतले त्याहून कमी. आणि रबरी किंवा प्लॅस्टिकची लवचिक नळी, जी नावेत सर्वांत जास्त लागते, तिचे माप आतल्या भोकाचे, कारण ती कशावर तरी चढवावयाची असते. म्हणजे कोणाचे माप बाहेरून, कोणाचे आतून, आणि कोणाचे पूर्वजांकडून आलेले.

घरात यामुळे फार तर टिपूस गळते. नावेत तसे नाही. घरातल्या नळात जे आहे तेवढेच पाणी गळते. नावेच्या नळीपलीकडे सबंध नदी असते.

पहिला प्रसंग इंजिनाचा. आमच्या इंजिनाच्या पंपाचे तोंड एक इंची. नावेच्या तळाशी पाणी आत घेणारा जोडही एक इंची. मध्ये गाळणी हवी, कारण पावसाळ्यात नर्मदेचे पाणी गढूळ असते आणि इतर दिवसांत शेवाळ व काडीकचरा असतो. बाजारात गाळणी पाऊण इंची तोंडाची मिळाली. आम्ही दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावले, आणि बागेत पाणी घालण्याची साधी एक इंची नळी जोडून मोकळे झालो. "दोन्ही टोकांना एक इंच आहे, मध्ये जरा अरुंद असले तर काय बिघडते?" असा आमचा विचार.

काय बिघडते ते सांगतो. भोकाचे क्षेत्र व्यासाच्या वर्गाने कमी होते, म्हणून पाऊण इंची भोक एक इंचीच्या तीनचतुर्थांश नसते, निम्म्याहून थोडे अधिक असते. हिशेबाने शंभरातले छप्पन. तेवढेच पाणी त्यातून न्यावयाचे तर घर्षणाचा अडथळा त्याच लांबीला जवळजवळ चौपट होतो. अर्धा इंची तुकडा घातला तर अडथळा सुमारे बत्तीसपट. पाण्याच्या वाटेवर बाकी सर्व दरवाजे कितीही रुंद असोत, ती वाट तिच्यातल्या सर्वांत अरुंद दाराइतकीच. त्यात आणखी एक गोष्ट आम्ही विसरलो. पंपाच्या पुढची नळी पाण्याच्या दाबाने फुगते. पंपाच्या मागची, म्हणजे ओढणारी नळी, आत ओढली जाते. बागेची नळी ढकलणाऱ्या पाण्यासाठी असते. ओढीसाठी भिंतीत तारेचे वेटोळे असलेली नळीच लागते.

डिसेंबरातली सकाळ, नावेत पोती आणि सात माणसे, त्यांत आमच्या मातोश्री. वय वर्षे ब्याऐंशी. शेत पाहावयाचे म्हणून हट्टाने आलेल्या. मध्य धारेत गाळणीत शेवाळ अडकले, पंपाची ओढ वाढली, आणि ऊन लागून मऊ झालेली ती नळी जिभेसारखी चपटी होऊन बसली. इंजिनाला पाणी मिळेना. वाफेचा लोट आला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. नाव आडवी होऊन वाहू लागली. केवटांनी बांबू टाकून अर्ध्यापाऊण तासाने तिला काठाला लावले. आई सबंध वेळ काही बोलल्या नाहीत. काठावर उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, "अरे, तू इंजिनिअर ना रे?"

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी दुसरी बाजू मांडली. "अहो, कुकरचे रिंग आणायला जाताना मी जुने पिशवीत घालून नेते. तुम्ही नावेचे सामान आणायला हात हलवीत गेलात?" आज या भाषणात पुढे जे काही शहाणपण येईल, त्याचा अर्धा भाग या एका वाक्यात आहे, हे आम्ही त्यांच्यासमक्ष मान्य करतो.

मग आम्ही तारेची नळी आणली. गाळणीही एक इंची हवी म्हणून अमेरिकेतल्या चिरंजीवांना कळविले. त्यांनी तिकडून नावेसाठीच बनविलेली उत्तम गाळणी धाडली, आणि एक नवी अडचण दाराशी आली. आटे! आपल्याकडचे नळाचे आटे इंग्लंडहून आले. व्हिटवर्थ नावाच्या अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण मांडले. त्या घराण्यात आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेने आपले प्रमाण निराळे केले. तेथे कोन ६० अंश. अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोहोंकडे इंचात चौदाच आटे असतात, म्हणून ते एकमेकांत जातात आणि बसल्यासारखे वाटतात, परंतु दबावाखाली झिरपतात. एक इंचाला आपल्याकडे इंचात अकरा आटे, त्यांच्याकडे साडेअकरा. दोनतीन वेढे सुरळीत फिरते, मग अडते. माणसाला वाटते, आता घट्ट बसले. वस्तुतः ते बसलेले नसते, अडकलेले असते. पाइप पान्याने आणखी जोर केला की पितळ चिरते.

येथे आपल्यापैकी वयस्कर मंडळींना गोंदियाहून येणारी छोटी गाडी आठवेल. १८७० साली मुंबईकडची आणि कलकत्त्याकडची रेल्वे जबलपुरात मिळाली ती रुळांचे अंतर दोन्हीकडे साडेपाच फूट होते म्हणून. गोंदियाकडून येणारा रूळ मात्र अडीच फुटी. विदर्भातून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या एका गाडीतून उतरवून दुसरीत चढविल्या. जबलपूरहून नैनपूरकडे जाणारी ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि पुढे तेथे मोठा रूळ आला. दोन मापे जुळत नसतील तर मध्ये हमाल ठेवावा लागतो. नळाच्या बाबतीत त्या हमालाचे नाव ॲडॅप्टर. एका तोंडाला अमेरिकन आटे, दुसऱ्या तोंडाला आपले, असा जोड मिळतो, तोच घ्यावा. टेफ्लॉनची टेप वीस वेढे गुंडाळून दोन जातींचे आटे एकत्र नांदविण्याचा प्रयत्न आम्ही केला आहे. करू नये.

आता दुसरा प्रसंग, ज्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

पंख्याचा दांडा नावेच्या तळातून जेथे बाहेर जातो तेथे थेंब थेंब पाणी आत येतेच. ते तसे यावे लागते. ते उपसण्यासाठी तळाशी बॅटरीवर चालणारा एक लहान पंप असतो. पाणी चढले की तरंगता खटका त्याला सुरू करतो, उतरले की बंद करतो. आमच्या पंपाच्या तोंडाचे माप एक इंच एक सूत. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्द आम्हांस फार प्रिय आहे, कारण तो नाव नसून खरे माप आहे. बाजारात नळी एक इंची होती किंवा सव्वा इंची. एक इंची चढेना. सव्वा इंची सहज चढली, म्हणून ती घेतली आणि क्लिप आवळून बसविली. आवळल्यावर नळीला एक चुणी पडली. त्या चुणीतून पाणी परत तळात झिरपत असे, आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसत असे.

नळी जोडावर कष्टानेच चढली पाहिजे. सहज चढणारी नळी ही चुकीची नळी. टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे, हवे तर साबणाचे पाणी लावावे, तेल किंवा ग्रीस लावू नये. पाण्याच्या पातळीखालच्या जोडावर दोन क्लिपा असाव्यात, दोन्ही पुऱ्या स्टेनलेसच्या. पुष्कळदा पट्टी स्टेनलेसची असते आणि स्क्रू साधा. खिशात लोहचुंबक ठेवावे, स्क्रूला जोराने चिकटला तर संशय घ्यावा. हे सर्व आम्हांस आज ठाऊक आहे.

त्याहून मोठी चूक उंचीची होती. नळीचे बाहेरचे तोंड आम्ही नावेच्या बाजूला, पाण्यापासून वीतभर वर काढले होते. घाटावर, निवांतपणे, फूटपट्टी लावून. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी पलीकडून पोती आली. अंधार झाला म्हणून ती नावेतच ठेवली, आणि राखणीला केवटांचा सोळा वर्षांचा मुलगा पोत्यांवर गोधडी घालून झोपला. भरलेली नाव वीतभर खाली बसली होती. नळीचे तोंड पाण्यात गेले होते.

पुढे जे घडले त्यात गूढ काही नाही. पंप चालू होता तोवर पाणी बाहेर जात होते. पंप थांबला की नळी पाण्याने भरलेलीच राहिली, आणि ज्या वाटेने पाणी गेले त्याच वाटेने नदी आत येऊ लागली. या जातीच्या पंपाला परतीचे पाणी अडविणारी झडप नसते. पाणी चढले, पंप पुन्हा लागला, उपसले, थांबला, नदी पुन्हा आत. असे बॅटरी संपेपर्यंत चालले. पाण्याखाली एक फुटावर एक इंचाचे उघडे भोक असेल तर मिनिटाला चाळीस लिटरांहून अधिक पाणी आत येते. नळीचा आणि पंपाचा अडथळा धरून निम्मे म्हटले तरी तासाला हजार लिटरांच्या वर. आणि नाव जसजशी बसते तसतसा वेग वाढतो.

पहाटे चारच्या सुमारास मुलाला गोधडी ओली लागली. थंडीचे दव असेल म्हणून त्याने कूस बदलली. दुसऱ्यांदा जागा झाला तेव्हा त्याने उडी घेतली. घाटाच्या पायरीवर पोहोचून मागे पाहतो तो नावेची पिछाडी दिसेना. त्याला पोहता येत होते. केवटाच्या मुलाला येणारच, असे आपण म्हणतो. परंतु कुडकुडत्या अंधारात, ओल्या गोधडीत पाय गुंतलेला असताना, ते गृहीत धरण्याचा आम्हांस कोणता अधिकार होता?

पोती गेली, त्याचे दुःख नाही. सकाळी संक्रांतीच्या स्नानाला आलेल्या लोकांनी दोर लावून नाव ओढली. मुलाचे वडील नळीच्या तोंडाजवळ बराच वेळ उकिडवे बसून होते. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "बाबूजी, आपने खाली नाव में नापा था."

रिकाम्या नावेत मापले होते. आमच्या कारखान्यातल्या सर्व वर्षांत इतके अचूक निदान आम्ही ऐकले नाही.

त्यानंतर आम्ही नाव नव्याने बांधली, आणि या वेळी मुलाला बरोबर घेतले. उपशाची नळी तळापासून थेट काठाच्या वरच्या कडेपर्यंत नेली, तेथे तिला उलटा वळसा दिला, वळशाच्या माथ्यावर हवा आत घेणारी बारीक झडप बसविली, आणि मग बाहेर काढली. नळी भरलेली असली तरी माथ्यावर हवा शिरते आणि ओढ तुटते. बाहेरचे तोंड पूर्ण भरलेल्या नावेच्या पाणरेषेपासून हातभर वर. नळी आतून गुळगुळीत घेतली. वळ्यावळ्यांची स्वस्त नळी वाकते छान, परंतु तिच्या प्रत्येक वळीशी पाणी अडखळते. पंपाच्या खोक्यावरचा आकडाही आता आम्ही शब्दशः घेत नाही. तो बहुधा पाणी वर न चढविता, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मोजलेला असतो. चढ, नळी आणि वळणे धरली की निम्मा हाती लागला तरी समाधान मानावे. नळीत झडप घालून परतीचे पाणी अडवावे, असे काही जण सुचवितात. उपशाच्या नळीत आम्ही ती घालीत नाही. झडपेत कचरा अडकतो, आणि तो अडकल्याचे नाव भरू लागल्यावरच कळते.

तळातल्या भोकावरची बंद करण्याची तोटीही बदलली. पूर्वी चक्र फिरविण्याचा गेट व्हॉल्व्ह होता. तो उघडा आहे की बंद हे पाहून कळत नाही. आता पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह आहे. दांडी नळीच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. रात्री हाताने चाचपूनही समजते. कोकणात किंवा परदेशी खाऱ्या पाण्यात ज्यांची मुले नावा बाळगून आहेत, त्यांनी मात्र घरगुती पितळी तोटी तेथे लावू देऊ नये. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त झडून जाते. वरून तोटी तशीच दिसते, जराशी गुलाबी होते, आणि एके दिवशी बिस्किटासारखी तुटते. तेथे कांस्य, किंवा त्या कामासाठीच बनविलेले तंतुयुक्त प्लॅस्टिक. आमच्या गोड्या नर्मदेत हा रोग सावकाश चालतो, तरीही आम्ही कांस्यच घेतले. एकदा पोळलेली माणसे आहोत.

मुलाने एक वही केली आहे. नावेत पाणी जेथून आत येते तेथपासून जेथून बाहेर जाते तेथपर्यंत प्रत्येक तुकडा त्यात ओळीने लिहिला आहे: दुकानातले नाव, आतले माप, बाहेरचे माप, आट्यांची जात. प्रत्येक वाटेतल्या सर्वांत अरुंद तुकड्याखाली लाल रेघ. बाजारात जाताना तो वही नेतो, आणि पिशवीत जुना तुकडाही नेतो. प्रत्येक तोटीशेजारी सुतळीने बांधलेले एक निमुळते लाकडी बूच आहे. नळी निसटली किंवा तोटी तुटली तर ते भोकात ठोकावयाचे. ही युक्ती फार जुनी आहे आणि तिला मापाची अडचण नाही, कारण निमुळते बूच कोठे ना कोठे बसतेच.

आमच्या मातोश्री त्या नव्या नावेतून एकदा पलीकडे जाऊन आल्या. चढण्यापूर्वी त्यांनी मुलाला वही दाखवावयास सांगितली. त्यांना वाचता आले ते फक्त आकडे. ते त्यांनी चष्मा लावून तपासल्यासारखे पाहिले, आणि बसल्या.

आमचे बोलणे झाले. मागच्या टेबलावर आम्ही काही तुकडे मांडून ठेवले आहेत: तिन्ही जातींचे अर्धा इंच, चुणी पडलेली ती सव्वा इंची नळी, चपटी झालेली बागेची नळी, आणि दोन देशांचे आटे. चहाच्या वेळी मुलांनी ते अवश्य हाताळावेत आणि आटे एकमेकांत फिरवून पाहावेत. कॅलिपर तेवढा परत ठेवावा. तो घरचा आहे.